एक वाफा भरेपर्यंत

पुंजाजींनी फावड्याने मेथीच्या तिसऱ्या वाफ्याचं तोंड उघडलं, दुसऱ्याचं बुजवलं, आणि तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मान वर करायची नाही, असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं. मान वर गेलीच. निंबाखाली गाडी उभी होती. जावई धनराज हेल्मेट काढत होते. मागच्या सीटवरून उज्ज्वला उतरली. तिच्या कडेवर लाल टोपडं घातलेली पोर होती आणि गाडीच्या हँडलला एक निळी बॅग लटकत होती.

धनराज बॅग काढायला गेले. उज्ज्वला काहीतरी म्हणाली, आणि बॅग तिथेच राहिली.

एवढ्या लांबून शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. पण बापाला ते न ऐकताच कळले. त्यांनी खाली पाहिलं. पाणी तिसऱ्या वाफ्यात शिरून मेथीच्या पहिल्या ओळीभोवती फिरत होतं.

"आली व माय माही!" खोपडीतून, मळ्यातल्या त्या कुडाच्या झोपडीतून, सीताबाई जवळपास धावतच निघाली. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नव्हतं. लेक तीन वर्षांनी मळ्यात पाय ठेवत होती, आणि नात तर जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

पुंजाजी जागचे हलले नाहीत. पाणी वाफ्याच्या टोकाला लागेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग त्याचं तोंड बुजवून चौथ्याचं उघडलं, फावडं तिथेच ठेवलं, हातपाय धुतले आणि खोपडीकडे निघाले.

*

पुंजाजींचं तोंड ही रिठदमधली एक प्रसिद्ध वस्तू होती. माणूस सरळ, मापाला चोख, शेजाऱ्याच्या अडीनडीला पहिला उभा राहणारा. पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. मोटर चालू झाली नाही की शिवी. चालू झाली तर उशिरा का झाली म्हणून शिवी. वांग्यात अळी पडली तर अळीला, नाही पडली तर पुढे पडेल म्हणून आगाऊ. त्यात राग असायचाच असंही नाही. जुना मित्र भेटला, गाय व्याली, भाव बरा मिळाला, की आनंदाच्या भरातही एखादी खणखणीत निघायची. त्यातली रागाची कोणती आणि प्रेमाची कोणती, ते फक्त सीताबाईला कळे. बाकीच्यांना सगळ्या सारख्याच लागत.

तीन वर्षांपूर्वी, असाच मार्गशीर्ष होता. लग्नाला वर्ष झालेली उज्ज्वला नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली होती. जऊळक्याला धनराजचं मोटारी भरायचं दुकान, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं. शेतीशी संबंध तेवढाच. सासूच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. उज्ज्वलाला दिवस गेले होते आणि ते माहेरी तोंडाने सांगायचं म्हणून तिघं मुद्दाम आली होती. जेवणं झाली की सांगू, असं सासूने ठरवलं होतं.

जेवायला बसण्याआधी धनराज हौसेने म्हणाले, मी पाणी पाहतो, तुम्ही जेवून घ्या. पुंजाजी पहिला घास घेतात तोवर जावयाला फोन आला. गिऱ्हाईकाचा होता. फोनवर बोलता बोलता ते निंबाकडे गेले, आणि इकडे दांड फुटला. मातीचा तो पाट फुटून पाणी शिरलं ते थेट कांद्याच्या रोपात. आदल्याच दिवशी टाकलेलं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झालं.

पुंजाजी ताटावरून उठून धावले आणि जे दिसलं त्याच्यावर जे तोंडात आलं ते बोलले. जावयाच्या आईवरून बोलले. ती माऊली दहा पावलांवर, सीताबाईच्या शेजारी, मेथीची भाजी तोंडात घेऊन बसली होती.

तिने घास गिळला. ताटात हात धुतला. काही न बोलता पदर नीट केला आणि धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधावरून, रस्त्याकडे चालायला लागली. पेढ्यांचा पुडा खोपडीतच राहिला. तो दुसऱ्या दिवशी सीताबाईला दिसला आणि तो कशाचा होता हे तिला पुढे महिनाभराने, दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

जाताना उज्ज्वला बापासमोर उभी राहिली होती.

"बाबा, हे तोंड असं हाय तवरक माहा पाय ह्या मळ्यात पडनार नाही."

पडला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तेही सासरीच झालं. राखी पौर्णिमेला मुलगी झाली म्हणून नाव राखी ठेवलं, हेही पुंजाजींना बाजारात कळलं. त्या दिवशी ते विकायला आणलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पाटी तशीच परत घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक नव्हतं.

*

गेल्या माघात गावातून काशीला बस निघाली. बत्तीस माणसं, बहुतेक सगळी भाजीपाला पिकवणारी. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची, अशी रीत आहे. रिठदकरांनी ती मनापासून पाळली. कोणी कारलं सोडलं, कोणी पडवळ, कोणी मुळा. ज्याला जे जन्मापासून आवडत नव्हतं, त्याने ते गंगेच्या साक्षीने सोडलं. शेजारच्या कमलीबाईने तर ड्रॅगन फ्रूट सोडलं. तिने ते आयुष्यात एकदाच, वाशिमला गाड्यावर लांबून पाहिलं होतं.

पुंजाजींनी ढेमसं सोडायचं ठरवलं होतं. गुडघाभर पाण्यात, ओंजळीत गंगाजल घेऊन ते उभे होते. पंड्याने विचारलं, "क्या छोड़ते हो, बाबा?"

पुंजाजींनी तोंड उघडलं, आणि शेजारून सीताबाई म्हणाली, "शिव्या."

पंड्याला कळलं नाही. कमलीबाईने लगेच हिंदी केलं. "गाली, महाराज. गाली छोड़ रहे."

घाटावर रिठदची बाकी तीस माणसं पोट धरून हसली. पंड्या मात्र हसला नाही. तो म्हणाला, "ये तो बहुत बड़ी चीज है, बाबा. सोच लो."

पुंजाजींनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती समोर गंगेकडे पाहत होती आणि तिची हनुवटी हलत होती. अडतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे कधी पैठणी मागितली नव्हती, पाटल्या मागितल्या नव्हत्या. पुंजाजींनी ओंजळ सोडली.

सोडली खरी, पण गावात आल्यावर पहिल्याच सकाळी पंचाईत झाली. बैल हलेनात. वखर जुंपून पुंजाजी म्हणाले, "चला, देवाहो." दोन्ही बैलांनी मागे वळून पाहिलं, हे कोण बोलून राहिलंय म्हणून. बारा वर्षं ज्या शब्दांवर ते पाऊल उचलत होते, ते शब्द काशीला राहिले होते. मुलगा शिवम धुऱ्यावर बसून हसत होता. शेवटी त्यानेच बापाच्या जुन्या आवाजात एक हाणली तेव्हा वखर हललं.

पहिल्या आठ दिवसांत नेम नऊ वेळा मोडला. दर वेळी पुंजाजी कानाला हात लावत, मारुतीच्या पारावर जाऊन नाक घासत आणि घरी येईपर्यंत वाटेत कोणावर तरी दहावी निसटते की काय या धाकाने तोंडावर उपरणं धरून चालत. जपमाळ घेऊन पाहिली. मणी ओढता ओढता राग तेवढाच राहायचा, बोटं मात्र दुखायची. कोणी सांगितलं एक ते शंभर अंक म्हणा. सत्तावीसवर शिवी आली.

मग एके दिवशी लसणाला पाणी देताना लाईन गेली. ऐन मधल्या वाफ्यात. शिवी ओठांपर्यंत आली. मोटर बंद पडली होती, तरी दांडात उरलेलं पाणी आपल्या गतीने येत होतं. पुंजाजी फावड्यावर दोन्ही हात ठेवून ते पाहत राहिले. पाणी पहिल्या रोपाशी आलं, थबकलं, माती प्यायली, मग दुसऱ्याशी गेलं. एक कोरडं पान तरंगत पुढे निघालं. भेगेतून बुडबुडे आले. पाणी कुठेच घाई करत नव्हतं आणि कुठलं रोप वगळतही नव्हतं. शेवटच्या रोपाच्या बुडाशी माती काळी झाली तेव्हा पुंजाजींना आठवलं, आपल्याला शिवी द्यायची होती. ती आता सापडेना. कुणाला द्यायची होती तेही क्षणभर आठवेना.

चाळीस वर्षं ते पाणी देत होते. पण एका वाफ्याचं पाणी तोंडापासून टोकापर्यंत, मध्ये नजर न हलवता, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना एकदम रडायला आलं. आसपास कोणी नव्हतं, म्हणून थोडं रडूनही घेतलं.

त्या दिवसापासून तोच त्यांचा नेम झाला. रोज सकाळचा पहिला वाफा फक्त पाहायचा. बिडी नाही, बोलणं नाही, उद्याच्या बाजाराचा विचार नाही. आणि दिवसभरात राग आला की एक वाफा भरेपर्यंत थांबायचं. मळ्यात नसले तर डोळ्यांसमोर वाफा घ्यायचा. रिसोडच्या बाजारात एका व्यापाऱ्याने त्यांची मेथीची जुडी जमिनीवर फेकली तेव्हा पुंजाजी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत नुसते उभे राहिले.

"काय पाहून राह्यले, काका?" व्यापारी घाबरला.

"पानी देऊन राह्यलो. थांब जरा."

कधी एका वाफ्याने भागायचं नाही. एकदा, सोसायटीच्या दारात, मनातल्या मनात पाऊण एकर ओलावं लागलं. पण शिवी आली नाही. बैलही हळूहळू "देवाहो"वर चालायला लागले.

आश्विनात सीताबाईने लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"माय, तू तं बाबाचीच बाजू घेशीन," उज्ज्वला म्हणाली. "मी माह्या डोळ्यानं पाहीन, मंग ठरवीन. पोरीच्या कानावर तसलं काही पडाले नाही पायजे मले."

आणि आज ती पाहायला आली होती.

*

खोपडीसमोर सतरंजी टाकली होती. पुंजाजी आले तशी राखी आईच्या मागे लपली. उज्ज्वलाने खाली वाकून बापाच्या पायाला हात लावला, पण वर पाहिलं नाही.

"बरी हायस?" पुंजाजींनी विचारलं.

"हाव."

एवढं झालं. मग सीताबाईने ताटं मांडली. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. सगळं तेच, तीन वर्षांपूर्वीचं. तिने मुद्दाम केलं होतं की हाताला तेच लागलं होतं, कोण जाणे.

"मामाजी, तुमी जेवा," धनराज म्हणाले. "मोटर चालू हाय. पानी मी पाह्यतो."

सीताबाईचा वाढता हात थांबला. पुंजाजींनी जावयाकडे पाहिलं. धनराजनी फोन खिशातून काढून सतरंजीवर, सगळ्यांच्या समोर, उपडा ठेवला होता.

"पाहा," पुंजाजी म्हणाले. "मेथीचा चौथा वाफा हाय. फावडं तथीच हाय."

धनराज गेले. थोड्या वेळाने उज्ज्वला पाण्याचा गडवा घेऊन उठली. "त्याइले पानी देऊन येते," म्हणाली आणि पोरीला सीताबाईजवळ सोडून गेली.

राखी आता आजोबांच्या समोर, चार हात अंतरावर बसून त्यांना न्याहाळत होती. पुंजाजींनी भाकरीच्या तुकड्यावर गूळ ठेवून हात पुढे केला. पोरीने गुळाकडे पाहिलं, आजोबांच्या मिशांकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड घातलं. पुंजाजींचा हात तसाच राहिला. ते म्हणाले, "असू दे. घाई नाही."

तेवढ्यात मळ्यातून आरोळी आली.

"मामाजी! दांड फुटला!"

सीताबाईच्या हातून पळी पडली. पुंजाजी तुकडा ताटात टाकून उठले. बासष्ट वर्षांचा माणूस असा धावला की चप्पल मागे राहिली.

कांद्याच्या रोपात पाणी शिरलं होतं. वीतभर रुंदीची धार दांडातून निघून बोटभर उंचीच्या हिरव्या रोपांवर पसरत होती. धनराज बाजूला, दोन्ही हातांत फावडं धरून, हात जोडल्यासारखे उभे.

"माह्याच्यानं झालं, मामाजी. माहंच ध्यान नोयतं." शिकवलेल्या पाठासारखं बोलले.

रोप म्हणजे पुढच्या सबंध सालाचा कांदा. पुंजाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी आली. छातीतून निघाली, गळ्यातून वर चढली, दातांवर येऊन उभी राहिली. हात मात्र आपलं काम करत होते. त्यांनी फावडं हिसकून घेतलं, दोन फावडी चिखल टाकून धार बंद केली. आणि मग त्यांना ते दिसलं.

दांड फुटला नव्हता. फुटलेल्या दांडाच्या कडा खचतात, फाटतात. या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. कापलेला मातीचा ठोकळा बाजूला नीट ठेवलेला होता. आणि काप उलट्या अंगाने, डावीकडून घेतलेला होता. या मळ्यात डाव्या हाताने फावडं चालवणारं एकच माणूस होतं. उजव्या हातात धर म्हणून त्या पोरीला त्यांनी लहानपणी काय काय ऐकवलं होतं!

त्यांनी मान वर केली. उज्ज्वला वांग्यांच्या ओळीपलीकडे गडवा धरून उभी होती. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

आता जी शिवी आली ती पहिलीपेक्षा मोठी होती. बापाची परीक्षा? आणि तीही रोप बुडवून? मातीत वाढलेली पोर, तिला हे करवलं? पुंजाजींचे कान तापले. डोळ्यांसमोरचं सगळं लाल झालं.

त्यांनी फावडं खाली टेकवलं. दोन्ही हात दांड्यावर ठेवले. आणि रोपात शिरलेल्या पाण्याकडे पाहायला लागले.

पाणी पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलं. रोपं वाकली, पुन्हा सरळ झाली. एक काडी गोल फिरून पुढे निघाली. धनराज श्वास रोखून उभे होते. खोपडीपाशी सीताबाई नातीला पोटाशी धरून उभी होती. ती त्या दोघांकडे नव्हे, नवऱ्याच्या ओठांकडे पाहत होती. तिसरी ओळ. चौथी. पाण्याला कोणाचीच घाई नव्हती. पुंजाजी त्याच्याबरोबर चालत गेले, नुसत्या नजरेने, एका रोपावरून दुसऱ्या रोपावर, थेट वाफ्याच्या टोकापर्यंत.

आणि टोकाला त्यांना दुसरा काप दिसला.

तोही डाव्या हाताचा. तोही नीट. पलीकडच्या रिकाम्या वाफ्याकडे उघडलेला. रोपात आलेलं पाणी कुठेच साचत नव्हतं. बुडं भिजवून, शेवटच्या ओळीला वळसा घालून, ते त्या वाटेने गुपचूप बाहेर पडत होतं. एकही रोप उपटलं नव्हतं. पोरीने पाण्याला आत यायला दार केलं होतं, पण त्याआधी बाहेर जायला दार केलं होतं. बापाची परीक्षा घ्यायला आली होती, आणि बापाचं रोप बुडवायला तिचा जीव झाला नव्हता.

पुंजाजींना तीन वर्षं आठवली. पेढ्यांचा तो पुडा आठवला. दातांवरची शिवी कधी गेली ते त्यांना कळलंही नाही. तिच्याखाली इतके दिवस दबून राहिलेलं जे होतं, तेच तोंडात आलं.

"जवाई."

धनराज दचकले.

"त्या दिवशी तुमच्या माईले म्या जे बोललो, ते माह्या माईच्या पोटी जन्म घेऊन बोलाची गोष्ट नोयती. तीन साल झाले, हे म्हनाले तोंड उघडत नोयतं. ज्याच्यासाठी उघडाले नाही पायजे त्याच्यासाठी रोज उघडे." ते एक पाऊल जावयाकडे आले. "उद्या मी जऊळक्याले येतो. इहीनबाईच्या पायावर डोकं ठेवतो. घरात घेतलं तं घरात, नाही घेतलं तं ओट्यावर बसतो. पन येतो."

धनराजनी रुमालाने तोंड पुसलं. मोटारी भरणारा माणूस; भाषण काही येईना.

"माय तं अजूनबी सांगते, मामाजी," एवढंच ते म्हणाले. "म्हनते, तशी मेथी मंग कुठी खाल्ली नाही. तो घास तेवढा अर्धाच राह्यला."

"मंग उद्या पाटीभर नेतो," पुंजाजी म्हणाले. "जा तुमी. हात धुवा. जेवाचं राह्यलं हाय."

धनराज गेल्यावर पुंजाजींनी टोकाचा काप आधी बुजवला. मग ते दांडाशी आले. आधी घाईने टाकलेला चिखल काढला, बाजूला ठेवलेला मातीचा ठोकळा उचलला आणि जागेवर बसवला. तंतोतंत बसला. त्याच्या चारही कडांवरून त्यांनी अनवाणी पाय फिरवला, एकदा, दोनदा, इतका की इथे फावडं लागलं होतं हे कोणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

पाय अजून तिथेच होता आणि उज्ज्वला समोर येऊन उभी राहिली. तिने पायाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले, लहानपणी चोरून पेरू तोडताना सापडली की व्हायचे तसे.

"रोप बुडालं काय, बाबा?"

"नाही व. पानी आलं तसं निंगून गेलं."

पुंजाजींनी फावडं उचललं, दांड्यावरचा चिखल धोतराला पुसला आणि ते लेकीपुढे धरलं. तिच्या उजव्या हातात गडवा होता. पण त्यांनी धरलं होतं ते तिच्या डाव्या हाताकडे, डाव्या हाताला सोयीचं पडेल अशा बेताने.

उज्ज्वला क्षणभर तशीच उभी राहिली. मग गडवा धुऱ्यावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि फावडं घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही. मेथीच्या पाचव्या वाफ्याचं तोंड तिने एका झटक्यात उघडलं. डाव्या हाताने. काप असा सरळ, की पुंजाजींना अभिमान वाटला.

"अवो!" तिने मान न वळवताच नवऱ्याला हाक मारली. "बॅग आना आत! आन तुमच्या मायले फोन लावा. म्हना, बाबा उद्या येऊन राह्यले. आपन मातर आठ दिवसानं!"

खोपडीपाशी सीताबाई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. राखीला हे सगळं पाहून काही कळलं नाही. ती आजीच्या मांडीवरून उतरली, चिखलाच्या धुऱ्यावरून एकेक पाऊल टाकत आली आणि आजोबांच्या बोटाला धरून उभी राहिली. गूळ-भाकरीचा तो तुकडा तिच्या दुसऱ्या हातात होता.

"आबा, पानी," ती म्हणाली.

पुंजाजींच्या छातीत असं काही भरून आलं की त्यांची जुनी, खणखणीत, आनंदाची एक शिवी थेट ओठांवर आली. नातीने वर पाहिलं. सीताबाईने लांबून श्वास रोखला. पुंजाजींनी ओठ मिटले आणि हळूच पाचव्या वाफ्याकडे नजर वळवली. पाणी अजून अर्ध्यावरच आलं होतं.